फुकटातलं स्कॅन महागात पडतं

मोबाईलवर ‘व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ अशी लाल पाटी झळकली तर घाबरू नका. एखादं वेबपेज तुमचा फोन तपासूच शकत नाही. ती निव्वळ जाहिरात.

हा धंदा जुना आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्पायवेअर असॅसिन’ या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांना कोर्टात खेचलं. त्या सॉफ्टवेअरचं फुकट स्कॅन स्वच्छ कॉम्प्युटरवरही स्पायवेअर (हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) दाखवायचं, मग सुमारे ३० डॉलर मागायचं. ठणठणीत माणसाला आजारी ठरवणारा वैद्यच की! २०२४ मध्ये ‘रिस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २.६ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

शंका असेलच तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची व्हायरस काढायची साधनं मोफत आहेत. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.