मोटर आहे ना बॉस, मग टेन्शन कसलं?

पाच दिवस एसीत बसून खांदे आखडलेले असतात. शनिवारी पुन्हा वल्हं कोण मारणार? म्हणून मी माझ्या फिशिंग कयाकला चक्क मोटर लावली! ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर फिरणारा, पाण्यातला छोटासा पंखा. धूर नाही, आवाज जेमतेम. आयडिया तशी जुनीच. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या फार्गोत ओ. जी. श्मिट यांनी अशी मोटर बनवली. मिनेसोटा आणि डकोटा या राज्यांवरून तिचं नाव पडलं 'मिन कोटा'.

पहिलीच ट्रिप पनवेलच्या खाडीत. पौर्णिमेचा दुसरा दिवस, जिताडा पकडायचाच असा पण! काठावर जाळं विणत बसलेले एक कोळीकाका म्हणाले, "पोरा, पानी उतरला का तुजी मोटार काय करल?" मी हसलो. मोटर आहे ना!

बेलापूरच्या दिशेने फुल स्पीडमध्ये निघालो. सॉलिड पळत होती. ती ओहोटीची कमाल होती, हे वळल्यावर कळलं. साधा हिशोब बघा. मोटरचा वेग ताशी पाच किलोमीटर आणि ओहोटीचा तीन असेल, तर जाताना आठ मिळतात, येताना फक्त दोन! त्यात माझी मोटर फुल स्पीडला तीस अँपिअर खाते. बॅटरी शंभर अँपिअर-अवरची असली तरी लेड-अॅसिडची, अर्ध्याखाली उतरवली की तिची वाट लागते. म्हणजे हातात जेमतेम दीड तास. अर्ध्या वाटेत पंखा मंदावला, मग थांबलाच. पाणी सरकत गेलं आणि मी, कयाक आणि ती पंचवीस किलोची बॅटरी चिखलात! उतरून ढकलावं तर पाय मांडीपर्यंत आत. लाइफ जॅकेट घालून दोन तास निवट्या मोजल्या. भरती लागल्यावर काकाच होडी घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत, फक्त दोर फेकला.

आता मी कॅलेंडर बघून जातो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळायचं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी संथ असतं तेव्हा निघायचं. जाताना पाण्याविरुद्ध, येताना पाण्याबरोबर. मोटर निम्म्या वेगावर, कारण मग वीज निम्म्याहून खूपच कमी लागते. वल्हं कायम सोबत. लिथियमची बॅटरी घेतली, वजन निम्म्यावर आलं (खिसाही!). घरी आल्यावर मोटरला गोड्या पाण्याची आंघोळ, नाहीतर खारं पाणी तिला खातं.

जिताडा? अजून लागलेला नाही. मागच्या रविवारी घरी नेला, तो काकांकडून विकत घेतला होता. आईला सांगू नका!