गाडीचा 'ताप' बघितलात?

डेन्व्हरला आल्यावर मी डिझेल पिकअप घेतली आणि डॅशबोर्डवर एक पायरोमीटर बसवला. मित्र म्हणतात, 'शो-ऑफ!' अजिबात नाही, बॉस! मागे कॅम्पर जोडून आय-७० वरून आयझेनहॉवर टनेलकडे (उंची ११,१५८ फूट!) चढताना हवा विरळ होत जाते. डिझेल भरपूर, ऑक्सिजन कमी, मग एक्झॉस्ट तापणारच. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये लावलेला थर्मोकपल हाच ताप मोजतो. टर्बोनंतर लावला तर आकडा कमी दिसतो आणि आपण उगाच निर्धास्त!

इथले पिकअपवाले साधारण १२५० फॅरनहाइट, म्हणजे ६७७ सेल्सिअस, ही लक्ष्मणरेषा मानतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. पिस्टन तगतो तो इंजिन ऑइलच्या गारव्यामुळे. चिप टाकून पॉवर वाढवली असेल, तर मात्र सांभाळा. कूलंटचा काटा मख्ख असतानाही आत पिस्टन भाजत असू शकतो.

ताप चढला? अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडा, खालचा गिअर टाका. आरपीएम वाढला की इंजिन जास्त हवा खेचतं आणि ताप उतरतो. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं आयडलवर ठेवून टर्बोला निवू द्या. तोवर फोटो काढा की!