निवड झाली, आता नांग्या भरा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पेरणी झाली की आमच्या सेनगाव तालुक्यातला शेतकरी आठ-दहा दिवसांनी शेतात ओळीओळीने फिरतो. सोयाबीन कुठे चांगले उगवले, कुठे बी वाया गेले, हे पाहतो आणि रिकाम्या जागी पुन्हा बी टोकतो. याला आपण नांग्या भरणे म्हणतो. आज बोलायचे आहे ते एका खेळाबद्दल, पण हे नांग्यांचे काम त्यातही तसेच करावे लागते.

प्रो कबड्डी सुरू व्हायच्या आधी आम्ही आठ मित्र चहाच्या हॉटेलात वही घेऊन बसतो. बाराही संघांतले खेळाडू समोर असतात. पाळीपाळीने प्रत्येकाने एकेक खेळाडू उचलायचा. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत क्रम एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक, म्हणजे शेवटच्यावर अन्याय नको. सात खेळाडू आणि तीन राखीव, असा प्रत्येकाचा दहा जणांचा संघ तयार होतो. मग खऱ्या सामन्यात त्या खेळाडूने मिळवलेला प्रत्येक गुण आपल्या वहीत जमा होतो. हरणाऱ्याने शेवटी सर्वांना चहा-भजी द्यायची.

हा प्रकार काही आपण शोधलेला नाही. अमेरिकेत १९६२ साली ऑकलंडच्या विल्फ्रेड विंकनबाख यांनी मित्रांसोबत तिथल्या फुटबॉलसाठी अशीच पद्धत बसवली. पुढे ती क्रिकेटसारख्या खेळांतही जगभर पसरली.

निवड संपली की प्रत्येक जण आपली यादी वाचून खूश असतो. मीही एका वर्षी असाच खूश होतो. पहिल्या पाच फेऱ्यांत मी पाच नामवंत चढाईपटू घेतले होते. दोन आठवड्यांत मी तळाला गेलो. चूक निवडीत होतीच, पण मोठी चूक ही की निवडीनंतर मी यादी तपासलीच नाही. ती कशी तपासायची, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, लिलावातल्या किमतीवरून संघ जोखू नका. २०२२च्या नवव्या पर्वासाठी तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचे पर्व तिथेच संपले. तरीही थलैवाजने उपांत्य फेरी गाठली, कारण मागे नरेंदरसारखे तरुण चढाईपटू उभे होते. पुढच्या पर्वासाठी तेलुगू टायटन्सने त्याच पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. या वेळी तो खेळला, त्याने भरपूर गुणही मिळवले. पण टायटन्स २२पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला राहिले.

यातली गंमत लक्षात घ्या. खऱ्या संघाला पवन एकटा तारू शकला नाही. पण वहीतल्या संघाला मात्र तो त्या वर्षी फायद्याचाच होता. वही जय-पराजय मोजत नाही, ती फक्त गुण मोजते. उलट उदाहरण पुणेरी पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून दहावे पर्व जिंकले. त्यांच्या चढाया अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात वाटल्या गेल्या होत्या. संघासाठी ते उत्तम होते; वहीसाठी मात्र गुणही तसेच वाटले जातात.

म्हणून दुसरी तपासणी चढायांच्या वाटणीची. सामना ४० मिनिटांचा, एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. मुख्य चढाईपटू त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकटा करू शकतो. उरलेल्यांना उरलेसुरले. तेव्हा आपल्या यादीत एकाच संघाचे दोन चढाईपटू असतील, तर ते एकमेकांच्या ताटातले खात आहेत असे समजा. माझ्या त्या पाचांपैकी दोन असेच होते.

तिसरी तपासणी जागांची. आपण चढाईपटूंवर तुटून पडतो. पण लीगमध्ये संघ बारा, म्हणजे रोज खेळणारे डावे कोपरारक्षक बाराच्या आसपास आणि उजवेही तेवढेच. पकडी बहुधा कोपऱ्यातून होतात. आम्ही आठ जण घेणारे, त्यात एकेकाने दोन-दोन उचलले की शेवटच्याला काय राहणार? इथे एक साधा हिशेब करा. आपला खेळाडू आणि त्याच जागेवर अजून कोणी न घेतलेला सर्वांत चांगला खेळाडू, यांच्यात फरक किती? फरक मोठा असेल तर ती जागा भक्कम. फरक नसेल तर ती आपली नांगी. चांगला बचावपटू किती मोलाचा, हे पलटणनेच दाखवले. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी त्यांनी २ कोटी ३५ लाख मोजले आणि तो त्या पर्वातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

चौथी तपासणी, आपला माणूस प्रत्यक्ष मैदानात उतरणार का? मैदानात सातच उतरतात. नावाजलेला पण बाकावर बसणारा खेळाडू वहीत शून्यच देतो. त्यापेक्षा साध्या संघातला, पण रोज खेळणारा मध्यरक्षक बरा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या तिसऱ्या चढाईसाठी काही संघ ठरावीक माणूस पाठवतात. असा माणूस शेवटच्या फेरीपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही.

पाचवी, राखीव कोण? पवनचे उदाहरण पुन्हा आठवा. आपला पहिला खेळाडू उद्या जायबंदी झाला तर काय, याचे उत्तर यादीतच हवे. राखीव तिन्ही चढाईपटू असतील, तर कोपरा मोकळा पडल्यावर काय करणार?

एवढे झाल्यावर घाई मात्र करू नका. पर्व लांब असते. २०२५च्या बाराव्या पर्वात साखळीतच प्रत्येक संघाचे १८ सामने होते. एका सामन्यात शून्य मिळाले म्हणून खेळाडू काढणे म्हणजे दोन दिवस पाऊस लांबला म्हणून शेत मोडण्यासारखे. तीन-चार सामने पाहा. तो सुरुवातीच्या सातात आहे का, त्याला चढाया मिळतात का, हे पाहा. संधी मिळत असेल तर गुण येतील. संधीच बंद झाली असेल तर बदला.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोबाइलवरच्या अशा खेळात घातले. त्याला वाटत होते, आपल्याला खेळाडू कळतात. कळतही होते. पण तिथे समोर आठ मित्र नव्हते. लाखो अनोळखी माणसे होती, आणि त्यांच्यातून वर यायला नुसती जाण पुरत नाही. गेलेले पैसे परत मिळवायला तो आणखी घालत गेला. घरच्यांना कळले तेव्हा रब्बीच्या बियाण्याला पैसे उरले नव्हते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद करणारा कायदा संसदेने २०२५च्या ऑगस्टमध्ये केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कायद्यातून पळवाटा शोधणारे असतील. त्यांच्या नादी लागू नका.

तो मुलगा आता आमच्याबरोबर वही घेऊन बसतो. गेल्या वर्षी दोन्ही कोपरारक्षक त्याने तिसऱ्या-चौथ्या फेरीतच घेतले. आम्ही हसलो. पर्व संपल्यावर भजीचे पैसे मीच दिले.