‘छोटा हत्ती’ : गुण आणि दोष

भूम तालुक्यांतील खवा बार्शी-सोलापुरास पोंचविण्यासाठीं आमच्या पुतण्यानें जुनी ‘टाटा एस’ घेण्याचें मनांत आणलें आणि आमच्या भावजयीनें आपल्या पाटल्या पुढें केल्या. तेव्हां गुणदोषांची छाननी करणें आम्हांस प्राप्त झालें.

टाटा मोटर्सनें २००५ सालीं बाजारांत आणलेल्या या गाडीस लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात. पहिल्या घडणीचें डिझेल यंत्र दोन नळकांड्यांचें, ७०२ घनसेंटिमीटरांचें व १६ अश्वशक्तीचें. ओझें पाऊण टनाचें. मोठा ट्रक जेथें वळत नाहीं त्या गल्लींत ती शिरते, तीनचाकीहून स्थिर चालते, आणि डिझेलहि बेतानें पिते.

परंतु दोष याच गुणांच्या पोटीं आहेत. लहान यंत्र बालाघाटाच्या चढावर धापा टाकतें व हमरस्त्यावर मागें पडतें. शिवाय नांव हत्तीचें म्हणून लोक ओझेंहि हत्तीचेंच लादतात. मग उतारावर ब्रेक दाद देत नाहींत. ‘यथाशक्ति’ हा समास वाहनासहि लागू आहे, वाचकहो!

खवा नाशवंत, तो थोडाथोडा, पण रोज वेळेवर गेला पाहिजे. अशा कामास ही गाडी योग्यच. तथापि आम्हीं सांगितलें, “आधीं दोन महिने भाड्याची गाडी लावून हिशेब ठेव, शिल्लक उरली तर घे.”

पाटल्या पुन्हां कपाटांत गेल्या. हिशेबाची वही मात्र भावजयीनेंच हातीं घेतली आहे.