फॉल्ट कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या उमरग्यात वीज गेली, ती दहा वाजले तरी येईना. शेवटी कोपऱ्यावरच्या खांबापाशी चौकशीला गेलो. वर चढलेला लाइनमन म्हणाला, "सर, फॉल्ट सापडत नाही." घरी येऊन हे सौभाग्यवतींच्या कानी घातले, तेव्हा मेणबत्ती लावीत त्या म्हणाल्या, "अहो, मग मला बोलवा म्हणावं. वीस वर्षं या घरात मी तेच करतेय!"

मेणबत्तीच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासणे शक्य नव्हते. म्हणून त्या एका शब्दाचाच विचार करीत बसलो. मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजी शब्दाची एवढी उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. पण खांबावरचा लाइनमन जो शब्द सहज बोलतो, त्याला परका तरी कसे म्हणावे?

हा शब्द मूळचा लॅटिनमधला. फसविणे, चुकणे अशा अर्थाच्या धातूपासून तो निघाला आणि फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. येताना त्यात 'ल' नव्हता. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी तो मागाहून आणून बसविला. पुढे हा गृहस्थ ज्या घरी गेला, तिथल्यासारखा वागू लागला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू चौकोनाबाहेर पडला की पंच 'फॉल्ट' पुकारतो. लागोपाठ दोनदा झाले की गुण प्रतिस्पर्ध्याला. त्यात कुणाची अब्रू जात नाही. शिकारी कुत्र्यांना सावजाचा माग लागेनासा झाला, की ती 'ॲट फॉल्ट' आहेत असे इंग्रज म्हणे. म्हणजे कुत्रे दोषी नव्हे. वास तेवढा हरवला! याच कुळातला 'डिफॉल्ट' संगणकात अगदी निरुपद्रवी आहे. आपण काहीच निवडले नाही तर जे आपोआप मिळते, ते 'डिफॉल्ट'. पण तोच शब्द बँकेत गेला, की पाऊस न पडल्याने कर्जाचा हप्ता चुकलेला आमचा शेतकरी 'डिफॉल्टर' होतो आणि त्याची झोप उडते.

इंग्रजीलाच हसण्याचे कारण नाही. आपला 'दोष' काय कमी फिरला आहे? मम्मटाने काव्यातले दोष मोजले, वैद्यांनी वात, पित्त, कफ यांना दोष म्हटले, आणि ज्योतिषीबुवांच्या मंगळदोषाने कितीतरी जमत आलेली लग्ने मोडली.

भूगर्भशास्त्रातला फॉल्ट मात्र खाणीतून आला. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणीत मजूर थराच्या मागाने खणत जात. मध्येच थर तुटे आणि समोर नुसता खडक येई. थर नाहीसा झालेला नसे. तो वर किंवा खाली सरकलेला असे. त्या जागेला खाणवाले फॉल्ट म्हणत. शास्त्रज्ञांनी शब्द त्यांच्याकडून उचलला. आपली भूगोलाची पुस्तके त्याला 'प्रस्तरभंग' म्हणतात. खडकाला भेग पडून तिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या, एवढाच त्याचा अर्थ. त्यात अपराधी कुणीच नाही.

हे मला फार उशिरा कळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी मी आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी इथून जवळच. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. तेही जमीनदोस्त झाले. सरकारी हिशेबाने ७,९२८ माणसे गेली. ज्या भागाला भूकंपाच्या नकाशात सर्वांत निर्धोक पट्ट्यात घातले होते, तिथे हे घडले.

सास्तुराकडे माझे एक मामा राहत. त्यांचे माळवदाचे घर त्यांनी गवंड्याबरोबर स्वतः दगड उचलून बांधलेले होते. त्याच भिंतीखाली त्यांची धाकटी मुलगी गेली. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भेटायला गेलो, तेव्हा वर्तमानपत्र पुढे करून मामांनी विचारले, "पोरा, तू इंग्रजी शिकतोस न्हवं? ह्यात सारखं फॉल्ट फॉल्ट लिव्हलंय, ते काय असतंय?"

मी लगेच सांगितले, "फॉल्ट म्हणजे चूक, मामा."

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

महाविद्यालयात नोकरी लागल्यावर एकदा मी त्यांना मुद्दाम भेटलो आणि प्रस्तरभंग समजावून दिला. मामांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे जमिनीची चूक न्हवती. पण भिंतीची होती की रे."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दगडमातीच्या जाड भिंतीचे दोन पदर, मध्ये सैल भरती, आणि ते पदर एकमेकांना बांधून घेणारे लांब आडवे दगड नाहीत. वर मातीचे जड माळवद. अशीच घरे त्या रात्री सर्वाधिक कोसळली. भूकंपापेक्षा घरे माणसांना मारतात, असे अभियंते म्हणतात ते यासाठीच.

"पण मामा," मी म्हणालो, "उभा गाव तशाच भिंती बांधत होता. दुसरी रीत तुम्हांला कुणी सांगितली होती का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "न्हाई. कुणी सांगितलं न्हाई." थोड्या वेळाने त्यांनी चहा ठेवायला सांगितले. माझ्या त्या जुन्या उत्तराबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तो मी स्वतःला लावून घेतो.

आज वर्गात एखादा मुलगा शब्दाचा अर्थ विचारतो, तेव्हा मी आधी विचारतो, "कुठे वाचलास?" मुलांना वाटते, सरांना अर्थ येत नाही, म्हणून वेळ काढताहेत. वाटू दे बापडे. शब्द कुठे भेटला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ सांगायचा नाही, एवढा धडा मात्र मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतला आहे.

त्या रात्री साडेअकराला दिवे आले. फॉल्ट कुठे होता, ते सकाळी लाइनमनने सांगितले: एक फांदी तारेवर टेकली होती, इतकेच. "कुणाची चूक न्हाई सर," तो म्हणाला.