अठरा, पंचावन्न, चाळीस: समुद्रावरची जागा सांगताना

अक्षांश-रेखांश म्हणजे काय हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. आज बघायचंय ते पुढचं: आकडा बरोबर असूनही जागा कशी चुकते?

समजा, मुंबईबाहेर एका मासेमारी बोटीचं इंजिन बंद पडलंय. तांडेल वायरलेसवर अक्षांश सांगतो, "अठरा, पंचावन्न, चाळीस." त्याच्या यंत्रावर आहे १८ अंश ५५.४० मिनिटं. घाईत 'पॉइंट' हा शब्द गळला. ऐकणाऱ्याने लिहिलं १८ अंश ५५ मिनिटं ४० सेकंद. आता ०.४० मिनिट म्हणजे २४ सेकंद. फरक १६ सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर. म्हणजे बोट जवळपास ५०० मीटर सरकली! रात्री, लाटांमध्ये, हे अंतर थोडं नाही. आणि कोणी तेच आकडे १८.५५४० अंश असे टाइप केले, तर? मग चूक ४० किलोमीटरच्या वर जाते. बोट कुलाब्यासमोर आणि शोध रेवदंड्यासमोर.

म्हणून आमचा आग्रह असतो, की अंश, मिनिट, पॉइंट हे शब्द मोठ्याने उच्चारा, आणि समोरच्याकडून आकडे परत म्हणवून घ्या.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. अक्षांश-रेखांश मोजायचे कशावर? पृथ्वी काही नेटका गोल नाही, म्हणून हिशेबासाठी एक चपटा गोल मानावा लागतो. आपल्याकडचे जुने नकाशे १८३० च्या 'एव्हरेस्ट' गोलावर बेतलेले. तो भारतीय उपखंडाला चपखल बसावा असा निवडलेला, त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही. जीपीएस वापरतं 'डब्ल्यूजीएस ८४', ज्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रावर धरलाय. परिणाम काय? एकाच खडकाला दोन पत्ते. मुंबईजवळ त्यांच्यात साधारण शंभर मीटरचा फरक पडतो. जुन्या नकाशावरून खडकाचे आकडे उचलून थेट जीपीएसमध्ये भरले, तर यंत्र निर्धास्तपणे चुकीचं पाणी दाखवेल. नकाशा कुठल्या गोलावर आहे ते त्याच्यावर छापलेलं असतं. फक्त ते कोणी वाचत नाही.

(सभेतून प्रश्न: मग नकाशावर अंतर कुठल्या पट्टीने मोजायचं?)

शेजारच्या, म्हणजे अक्षांशाच्या. तिथलं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १८५२ मीटर. खालची रेखांशाची पट्टी वापरू नका. रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून मुंबईच्या अक्षांशावर त्यांचं एक मिनिट सुमारे १७५० मीटरच भरतं. आणि पट्टीवरही त्याच उंचीला मोजा, जिथे तुमची बोट आहे. मर्केटर नकाशात वर जाल तशी मिनिटं ताणलेली असतात.