तोंडाएवढा घास

रायगडच्या खारेपाटात पाहुण्याच्या ताटात जिताड्याची तुकडी वाढणं हा मोठा मान. पेण-अलिबागकडच्या गावतळ्यांत हा मासा वाढवण्याची रीत जुनी आहे: खाडीत पिल्लं धरायची आणि तळ्यात सोडायची. पण खाडी दरवर्षी हवी तेवढी पिल्लं देईलच असं नाही. त्यामुळे चेन्नईच्या ‘सिबा’ या केंद्रीय संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, ते मत्स्यपालकांसाठी फार मोलाचं ठरलं.

अर्थात, अंडी मिळाली म्हणजे मासे मिळाले असं होत नाही. जिताड्याचं अंडं जेमतेम ०.८ मिलिमीटरचं. कोमट खाऱ्या पाण्यात ते दिवसभराच्या आत फुटतं आणि दीड मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू बाहेर येतं. त्याला अजून तोंडच नसतं. पोटाला चिकटलेल्या बलकाच्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढतं. तोंड उघडेपर्यंत ही शिदोरी संपत आलेली असते. त्या वेळी बेताचा घास समोर नसेल, तर पिल्लं हजारोंनी मरतात.

बेताचा घास म्हणजे रोटिफर. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरू होणारा हा सूक्ष्म जीव संथ पोहतो, म्हणून नवख्या शिकाऱ्यालाही सापडतो. मात्र पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदू आणि डोळे घडायला लागणारं डीएचए हे मेदाम्ल या पिल्लांना पुरेसं स्वतः बनवता येत नाही. रोटिफर नुसत्या यीस्टवर वाढवले, तर त्यांच्यातही ते नसतं. त्यामुळे पिल्लांना देण्याआधी काही तास रोटिफरलाच पौष्टिक खुराक चारतात. त्यांनी खाल्लेलं पिल्लांच्या अंगी लागतं.

आठ-दहा दिवसांनी जबडा रुंदावतो. मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कवचधारी जीवाची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, नुकती उबवलेली पिल्लं देतात. त्यानंतर कोरड्या दाणेदार खाद्याची सवय लावायची. वळवळणाऱ्या भक्ष्यावर झेपावणाऱ्या पिल्लाला निश्चल दाणा हे अन्न वाटतच नाही. म्हणून जिवंत खाद्य हळूहळू कमी करत आणि दाणे वाढवत त्याला वळण लावावं लागतं.

खरी परीक्षा पिल्लू सेंटिमीटरभर झालं की सुरू होते. जिताडा जात्याच शिकारी. एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांतही काही भराभर वाढतात आणि आपल्याहून बऱ्याच लहान भावंडांना अख्खी गिळतात. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडही त्यांच्या घशात मावतं. कधी घास अडकतो आणि दोघंही मरतात. गिळणारं आणखी वाढतं, तफावत रुंदावते, संहार वाढतो.

यावर उपाय दोनच: वेळच्या वेळी पोटभर खाणं आणि दर काही दिवसांनी प्रतवारी. जाळीच्या चाळणीतून पिल्लं काढून मोठी, मधली, लहान अशी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवतात. काम किचकट, हात हलका हवा. पण ते टाळलं की महिनाभराची मेहनत काही दिवसांत टाकीतच फस्त होते.

म्हणून बोटुकली विकत घेताना शेतकऱ्यानं मोठ्या माशाला भुलू नये. सगळी पिल्लं एकसारखी आहेत ना, हे आधी पाहावं. त्या सारखेपणातच तळ्यात शेवटी किती मासे उरतील, याचा हिशेब दडलेला असतो.